हिस्केचं उलटं गाव

कॅनडाला जाण्याचं पक्कं झाल्याचं सांगायला फेन्ना आली तेव्हा हिस्के पाणी रंगवत होती. म्हणजे टाइलवरच्या पांढऱ्या जागेत निळ्या रंगाच्या काही आडव्या रेघा ओढत होती. पाणी कुठं रंगवायचं नाही हे कळलं की पाणी रंगवता येतं, आणि हिस्केला ते फार पूर्वी कळलं होतं. हातातली टाइल पुरी झाल्याशिवाय मान वर करायची नाही, ही कारखान्याची रीत. तिनंही केली नाही. रेघ मात्र थरथरली, आणि कच्च्या झिलईवर उमटलेली रेघ पुसता येत नाही. ती टाइल पुढं कुणाच्या तरी चुलीमागच्या भिंतीवर बसली असेल. त्या पाण्यावर वाऱ्याची झुळूक आली आहे, असं त्या घरातल्यांना वाटलं असेल.

"मेम, ऐकलंस ना?" फेन्नानं विचारलं. आमच्या फ्रीसलंडात आईला मेमच म्हणतात.

"ऐकलं. मार्चात ना?"

"मार्चात. रॉटरडॅमहून बोट आहे."

"मार्चात समुद्र खवळलेला असतो," हिस्के म्हणाली आणि तिनं पुढची टाइल घेतली.

शेजारच्या बाकावरच्या क्लास्केनं ब्रश धुण्याच्या निमित्तानं पाणी आणायला जाऊन दोघींना एकटं सोडलं. पण दोघींनी त्याचा काही उपयोग केला नाही. फेन्ना आईच्या खांद्यावरची पांढरी भुकटी झटकून निघून गेली. रडायचं तर हिस्केला घरी जागा भरपूर होती. घरात दुसरं कुणी नव्हतंच.

हिस्के मासेमाराची मुलगी. शाळा सुटल्यावर आई तिला जाळी विणायला बसवणार होती, पण त्याच सुमारास कारखान्यानं रंगकामाला मुली घ्यायला सुरुवात केली आणि ती तिथं लागली. पहिलं वर्षभर तिला फक्त पाणी दिलं. मग लव्हाळी, मग उडते पक्षी, मग झाडं. इमारती सगळ्यात शेवटी. आणि त्या इमारती तरी कसल्या? आमच्या किनाऱ्यावर समुद्राच्या बांधापेक्षा उंच काही नाही, डोंगर तर कुणी पाहिलेलाच नाही. तरीही टाइलवर पाणी आलं की पलीकडे डोंगर लागतो, डोंगराच्या पायथ्याशी किल्ला लागतो, किल्ल्याला घुमट आणि पाण्यात उतरणारा कमानींचा पूल लागतो. हे कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं. नमुन्याच्या जुन्या कागदांवर तसं होतं, त्यावरून नवे कागद सुईनं टोचले गेले, आणि जगात कुठंच नसलेला तो प्रदेश पिढ्यान्‌पिढ्या आमच्या गावातून गाडीनं बाहेर जात राहिला.

हिस्केचे किल्ले सगळ्यांत चांगले, असं खुद्द मुख्य कारागीर वीब्रन म्हणायचा, आणि वीब्रन चांगलं म्हणायला पैसे पडतात असं समजणारा माणूस होता. तिच्या किल्ल्यांत एक गोष्ट मात्र नसायची. माणूस. बाकीच्या बाया पुलावर एखादा काठीवाला म्हातारा उभा करत, होडीत कोळी बसवत. हिस्केच्या होड्या रिकाम्या बांधलेल्या असत. नवरा डाउवे असताना तो तिला चिडवायचा. "सगळी कुठं गेली? जेवायला?" असं विचारायचा. डाउवे बंदरातलं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या पाणदरवाजावर कामाला होता, तिथंच दाराला लागून त्यांचं घर. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात खायला नव्हतं, जाळायला नव्हतं, आणि त्याच्या छातीत कफ साचला तो निघालाच नाही. तेव्हापासून घरात हिस्के आणि फेन्ना. मग फेन्नाचं गोस्सेशी लग्न झालं आणि ती चार गल्ल्या पलीकडे गेली. तेव्हासुद्धा हिस्केला ते लांब वाटलं होतं.

त्या वर्षी अर्ध्या गावाचं कॅनडाच चाललं होतं. शेती मिळत नव्हती, घरं मिळत नव्हती. गोस्से सुतार होता, तिकडे सुतारांना काम आहे असं त्याला कळलं होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं, आणि म्हणूनच हिस्केला कुणावर रागावता येईना. फेन्नाला दिवस गेले होते. मूल तिकडे, उन्हाळ्यात जन्मणार होतं. हिस्केच्या मनानं घेतलं ते हेच. मूल बोलायला लागेल, बेप्पे, म्हणजे आजी, कुठं राहते म्हणून विचारेल, आणि फेन्ना हवेत हात करून म्हणेल, तिकडे, समुद्रापलीकडे. मुलाला त्यातून काय दिसणार? आपली आजी म्हणजे एक दिशा. फेन्नालासुद्धा दहा वर्षांनी काय आठवेल? घराच्या डावीकडे काय होतं, उजवीकडे काय होतं, हे माणूस किती पटकन विसरतं. डाउवेची भुवई कोणत्या बाजूची तुटकी होती हे हिस्केला आताच नीट आठवत नव्हतं.

तेव्हा गाव फेन्नाबरोबर पाठवायचं, असं तिनं ठरवलं. टाइलांवर. भाजलेला निळा रंग उन्हानं उडत नाही, पाण्यानं जात नाही. एक मोठं चित्र, बऱ्याच टाइला जोडून, तिकडच्या भिंतीत बसवता येईल असं.

वीब्रननं परवानगी दिली, कारण रंगकामातल्या बाईची मुलगी परदेशी निघाली की कारखाना काहीतरी द्यायचाच. कॉफीची किटली देऊ, असं तो म्हणत होता.

"किटली तिकडेही मिळेल," हिस्के म्हणाली.

"आणि गाव?"

"गाव मिळायचं नाही."

शनिवारी दुपारी कारखाना सुटल्यावर ती धक्क्याच्या टोकाला जाऊन बसली. मांडीवर फळी, फळीवर कागद. थंडीनं बोटं वळत नव्हती, पण खरी अडचण ती नव्हती. समोर बघून काढायचं हे तिनं जन्मात केलं नव्हतं. डावीकडे चर्च, मग वजनकाट्याची इमारत, मग घरांची रांग, मग पाणदरवाजा आणि त्याला लागून आपलं घर, आणि अगदी उजवीकडे दूध-डेअरीची चिमणी. सगळं आयुष्यभर पाहिलेलं. पण पेन्सिल तिचं ऐकेना. चर्चचा बसका मनोरा वर वर जात राहिला आणि त्याला घुमट फुटला. घरांच्या मागं, जिथं नुसतं आभाळ होतं, तिथं तिच्या हातानं डोंगर उठवला. तिनं खोडलं, पुन्हा काढलं. क्लास्के धक्क्यावर कुत्रं फिरवायला आली होती, तिनं मागून डोकावून पाहिलं.

"पाद्रीबुवांना सांगितलंस का, घुमट बसवतेयस म्हणून?"

"जा गं तू."

"नाही, छान दिसतंय. मी येईन त्या चर्चला. या चर्चला नाही येत, पण त्या चर्चला येईन."

असे काही शनिवार गेले. अखेर घुमट गेला, डोंगर गेला आणि कागदावर आपलं गाव उरलं, बुटकं, रुंद, आभाळाखाली दबलेलं. हिस्केला ते जरा केविलवाणं वाटलं. पण खरं होतं.

मग पुढचं काम हातचं होतं. कागदाखाली मऊ कापड घालून तिनं सगळ्या रेघा सुईनं टोचून काढल्या. टाइला तिरक्या फळीवर मांडल्या, त्यांवर तो मोठा कागद पसरला आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावरून थोपटली. भोकांतून कोळसा खाली उतरतो आणि ठिपक्यांचं चित्र उमटतं. टोचताना सुई ज्या बाजूनं बाहेर येते ती बाजू खरखरीत होते. ती खाली आली तर कच्ची झिलई ओरबाडली जाते. म्हणून कागदाची चित्र काढलेली, गुळगुळीत बाजू नेहमी खाली घालायची. हे नव्या मुलीला पाण्याच्याही आधी शिकवतात. हिस्केनं गुळगुळीत बाजू खाली घातली.

रंगवताना तिला काळजी होती ती एकाच गोष्टीची. भाजण्याआधी तो रंग निळा नसतो, मळकट राखाडी असतो. दाट कुठला आणि पातळ कुठला हे डोळ्यांना कळत नाही, हातालाच ठाऊक असावं लागतं. बंदरातलं पाणी पातळ हवं होतं, इतकं पातळ की नुसतं असल्याचा भास व्हावा. ती एकेक टाइल मांडीवर घेऊन रंगवत गेली, अर्धं छप्पर, चिमणीचा तुकडा, धक्क्याचे दोन खांब. रंगवून झालेली टाइल फळीवरून मांडणीत जायची आणि ती दुसरी उचलायची. मग तिनं स्वतःच्या घराच्या दाराची टाइल मांडीवर घेतली. दारात कुणाला उभं करावं का, हा विचार तिच्या मनात आला. ब्रश भरून घेतला, थांबली, आणि ब्रश धुऊन टाकला.

भट्टी उघडली त्या दिवशी वीब्रननं स्वतः त्या टाइला निवडीच्या मोठ्या टेबलावर मांडल्या. मागं लिहिलेल्या आकड्यांप्रमाणं एकीला एक लावत गेला. सगळ्या बाया भोवती जमल्या. निळा रंग असा उतरला होता की क्लास्केसुद्धा चेष्टा करायची विसरली. पाणी जमलं होतं. कधी नव्हे ते जमलं होतं. हिस्के हात एप्रनला पुसत उभी राहिली आणि तिला बरं वाटलं.

"सुंदर आहे," वीब्रन म्हणाला. मग तो टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. "हे कुठलं गाव?"

बाया हसल्या. त्यांना वाटलं, तो चेष्टा करतोय.

"चर्च कुठं आहे, हिस्के?"

हिस्केनं चर्च दाखवलं. ते उजवीकडे होतं.

डेअरी डावीकडे. पाणदरवाजा भलतीकडे. तिचं घर दरवाजाच्या त्या बाजूला, जिथं खरं तर जुन्या होड्या सडत पडलेल्या असतात. छप्पर न्‌ छप्पर ओळखीचं, खिडकी न्‌ खिडकी बरोबर, आणि सगळं गाव हातमोजा उलटावा तसं उलटलेलं. कागदाची गुळगुळीत बाजू खाली गेली की चित्र आरशातल्यासारखं पडणार, यात न कळण्यासारखं काय होतं? पण किल्ल्याचा पूल डावीकडे उतरला काय न्‌ उजवीकडे उतरला काय, विचारायला कोण येणार? ओळखीचं काही काढायचं असेल, एखाद्याची होडी, एखाद्याचं नाव, तर वीब्रन आधीच ते उलटं काढून द्यायचा. या खेपेला त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मग हसू फुटलं. क्लास्के तर बाकावर बसली. कुणी म्हणालं, आता पाद्रीबुवांना डेअरीत प्रवचन द्यावं लागेल. कुणी म्हणालं, निदान मासे भरून येणाऱ्या होडीवाल्यांची सोय झाली, हिस्केचं घर बंदराच्या तोंडाशी आलं. हिस्केही हसली, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. वीब्रन तेवढा हसला नाही.

"पुन्हा करता येईल?" तिनं त्याला हळूच विचारलं.

"करता येईल. पण पुढची भट्टी लागायच्या आत त्यांची बोट गेलेली असेल."

"मी समोर बसून काढलं होतं, वीब्रन. बघून."

"माहितीये मला. हात आपल्या सवयीनं गेला." त्यानं एक टाइल उचलली, पाण्याची, आणि उजेडाकडे धरली. "यातली एकही फोडू नकोस हं. मी सांगतोय म्हणून ठेव."

फोडायचं तिच्या मनात आलंच होतं. रात्रभर ती तळमळली. न देता ठेवावं का? किटलीच द्यावी का? चूक म्हणजे फार मोठं पाप नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण जे आठवणीत पक्कं राहावं म्हणून केलं, तेच चुकीचं आठवायला लावणार होतं. नातवंड तिकडे बोट ठेवून म्हणेल, बेप्पेचं घर इथं. आणि बेप्पे तिथं नसेल.

तरी तिनं ते नेलं. हातगाडीवर पेंढ्यात गुंडाळून, दुपारच्या वेळी, फेन्नाच्या घरी. तिथं पुढच्या खोलीत लाकडी खोका उघडा पडला होता, माणूस झोपेल एवढा. गोस्सेनंच बनवलेला. त्यात शिलाई मशीन, गाद्या, हत्यारं. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते. हिस्केनं जमिनीवर टाइला मांडल्या आणि कुणी काही बोलायच्या आत सांगून टाकलं, उलटं झालंय म्हणून.

फेन्ना पोटावर हात ठेवून वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"आपलं घर कुठाय?" तिनं विचारलं, आणि मग तिला ते सापडलं. "अगं बाई. इथं आलं होय."

गोस्से दारात उभा राहून म्हणाला, "भिंतीवर लावू आणि समोर आरसा लावू. आरशात बघायचं." मग खोक्याकडे पाहून तो जरा गंभीर झाला. एवढ्या वजनासाठी काय बाहेर काढायचं, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. मशीन की हत्यारं?

"नको नेऊस," हिस्के म्हणाली. "मी दुसरं करून पाठवते. नीट करून."

"कधी?"

"करीन की. वेळच वेळ आहे मला."

हे बोलायला नको होतं. फेन्नानं मान खाली घातली. ती चित्राशेजारी फरशीवर बसली, जड होऊन, आणि एकेका टाइलवरून बोट फिरवत राहिली.

"कुणीच नाहीये यात," ती म्हणाली.

"माझ्यात नसतंच कुणी."

"यात तरी काढायचंस. दारात."

"काढणार होते." हिस्केनं कडेची सरकलेली टाइल नीट लावली. "काढलं असतं, तर ते तिथंच उभं राहिलं असतं ना. कायमचं."

फेन्नानं वर पाहिलं नाही. "गोस्से, गादी काढ एक," ती म्हणाली. "तिकडे पेंढा मिळतो."

चित्र गेलं. पण ते मनापासून गेलं की आईचं मन मोडू नये म्हणून, हे हिस्केला कळलं नाही, आणि विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

निघायच्या दिवशी ती बसनं त्यांच्याबरोबर शहराच्या स्टेशनापर्यंत गेली. रॉटरडॅमपर्यंत येऊ नकोस, असं फेन्नानं सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. प्लॅटफॉर्मवर गोस्सेची आई मोठ्यानं रडली, त्यामुळं हिस्केला तिला सांभाळायचं काम मिळालं. फेन्नानं गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला. हिस्केनं तो धरला. गोड पाव दिलाय तो विसरू नकोस, गार वाऱ्यात डेकवर उभी राहू नकोस, असं ती सांगत राहिली. गाडी हलली तेव्हा ती पावाबद्दलच बोलत होती. गोस्सेची आई शहरात लेकीकडे राहिली. हिस्के परतीच्या बसमध्ये एकटी बसली.

बस रिकामी होती. ड्रायव्हर ओळखीचा, एल्के, डाउवेच्या चुलतभावाचा मुलगा. त्यानं तिला मुद्दाम पुढच्या सीटवर बसवलं. त्या वर्षी पाऊस फार झाला होता आणि सखल कुरणं अजून पाण्याखाली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, मधून मधून कुंपणाचे खांब. शेवटचं वळण घेतल्यावर समोर गाव आलं.

या बाजूनं तिनं गाव पाहिलं नव्हतं असं नाही. कितीतरी वेळा बसमधून नजरेखालून गेलं असेल. पण आमच्या गावाचं तोंड समुद्राकडे; गाव म्हणजे धक्क्यावरून दिसतं ते. मागची बाजू कुणी बघत बसत नाही. आता तिनं पाहिलं. चर्च उजवीकडे. डेअरीची चिमणी डावीकडे. आणि पुढं पाणी, बंदराचं नव्हे, कुरणाचं, एरवी जिथं गाई चरतात तिथलं. पण पाणी होतं, पातळ, असल्याचा नुसता भास.

"एल्के, थांब जरा. मला इथं उतरव."

"इथं? काकू, इथं काहीच नाहीये. गाव अजून लांब आहे."

"असू दे."

तो थांबला. तिनं उतरून दार लावलं. बस गावाकडे लहान होत गेली. हिस्के रस्त्याच्या कडेला उभी राहिली. दारं दिसत नव्हती, खिडक्या दिसत नव्हत्या; दिसत होत्या त्या घरांच्या पाठी, वाळत घातलेले कपडे, कोंबड्यांची खुराडी. आपलं घर इथून छपराच्या एका कोपऱ्याएवढंच होतं, पण होतं तिथं, चित्रात होतं त्याच बाजूला. सकाळी याच बसमध्ये फेन्ना मागच्या बाकावर मागं तोंड करून बसली होती. हिस्केला वाटलं होतं, रडताना दिसू नये म्हणून. आता तिच्या लक्षात आलं की फेन्ना बघत होती. जाणाऱ्याला गाव असंच दिसतं.

म्हणजे तिला जे शेवटचं दिसलं, ते तिच्याबरोबर गेलंय. हे फेन्नाला सांगायला हवं होतं. अगदी आत्ता सांगायला हवं होतं. साधी गोष्ट होती, हात धरून दोन वाक्यांत सांगता आली असती. हिस्केनं वळून रस्त्याकडे पाहिलं. दोन्हीकडे पाणी आणि मधे ओला रस्ता, शहराकडे गेलेला. गाडी आता कुठल्या स्टेशनात असेल याचा तिला अंदाज नव्हता. फेन्नाला हे तिकडे आपसूक कळेल का, भिंतीपुढं उभं राहिल्यावर, की ती मुलाला सांगेल, बेप्पेनं चूक केली होती?

वारा सुटला तशी पाण्यावरची छपरं मोडली, पुन्हा जुळली, पुन्हा मोडली. मान दुखेपर्यंत ती ते बघत होती. मग पिशवी या हातातून त्या हातात घेऊन, ज्या बाजूनं कधी चालत आली नव्हती त्या बाजूनं, ती गावात शिरली.